टाच कुठे संपते ते आधी ठरव

नमस्कार काका,

मी पाचगणीजवळच्या गावातून लिहितेय. आमच्याकडे चांदणी नावाची घोडी आहे. नऊ वर्षांची, उंची साधारण ५६ इंच. बाबा तिला टेबललँडवर पर्यटकांसाठी नेतात. घरापासून वर जाईपर्यंत बराचसा रस्ता डांबरी, आणि वर जांभा. नालबंद दोन-अडीच महिन्यांनी एकदा येतो. गेल्या खेपेनंतर खिळ्यांच्या भोकांपासून खुराची कड तुकड्यातुकड्यानं निघायला लागली, म्हणून पाच आठवड्यांपूर्वी चारही नाल काढून टाकले. आता खडीवर ती जपून पाय टाकते. मी ऑनलाइन घोड्यांचे बूट बघून ठेवलेत. बाबा म्हणतात ही थेरं आहेत, महाराजांच्या घोड्यांना काय बूट होते? मी आईच्या शिवणकामाच्या टेपनं मापं घेतली. पुढचा डावा : रुंदी १२१ मिमी, लांबी १४८. पुढचा उजवा : ११४ आणि १४३. मागचे दोन्ही साधारण ११२ आणि १४४. चारही बूट एकदम मागवायचा विचार आहे, पण ते परदेशातून येणार, माप चुकलं तर परत पाठवणं परवडायचं नाही. कोणता साइज घेऊ? आणि हो, हल्ली उभी असताना चांदणी पुढचा उजवा पाय जरा पुढे टाकून उभी राहते. सवय लागली असेल ना?

– एक वाचक, पाचगणी

उत्तर

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहेस, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

घोडा मागचा एक पाय सैल सोडून, खुराचं टोक जमिनीला टेकवून उभा राहिला तर काळजी नाही. तो आराम करतोय. आलटून पालटून दोन्ही मागचे पाय असे सोडतो. पुढच्या पायाचं गणित वेगळं. निरोगी घोडा पुढचे दोन्ही पाय सरळ खाली ठेवून उभा राहतो, कारण अंगाचं जवळपास ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवरच असतं. त्यातला एकच पाय, दर वेळी तोच, पुढे टाकून उभं राहणं म्हणजे त्या पायावरचा भार ती टाळते आहे. याला सवय म्हणू नकोस.

आता तुझे आकडे बघ. डाव्या खुराची रुंदी १२१, उजव्याची ११४. दोन पुढच्या खुरांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पुष्कळ घोड्यांत असतो, आपल्या दोन पावलांत असतो तसाच. सात मिलिमीटर मात्र जास्त झाले. अर्थात यात टेपची चूक असू शकते, तिच्याकडे मी येणारच आहे. पण ज्या पायावर घोडा महिनोन्महिने कमी भार टाकतो त्याचा खूर हळूहळू अरुंद आणि उभट होत जातो, टाचा एकमेकींजवळ येतात. अरुंद खूर आणि पुढे टाकलेला पाय ही दोन्ही लक्षणं एकाच बाजूला दिसल्यावर मी तरी बुटांचा विचार बाजूला ठेवला असता.

तेव्हा आधी पशुवैद्यांना दाखव. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच सातारा जिल्ह्यात आहे. डॉक्टर चिमट्यासारख्या हत्यारानं खुराच्या एकेका भागावर दाब देऊन बघतील, गरज वाटली तर एक्स-रे सांगतील. तोपर्यंत रोज सकाळी तू दोन गोष्टी बघायच्या. दोन्ही पुढच्या खुरांवर तळहात ठेवून एक दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का, आणि खुराच्या वर, घोट्याच्या मागच्या बाजूला बोटं ठेवल्यावर नाडी ठणठण लागते का. निरोगी पायाची नाडी तिथे शोधावी लागते. ती सहज हाताला लागली तर वाट बघू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. आणि दोन्ही पुढचे पाय पुढे ताणून, वजन मागे टाकून ती उभी दिसली तर तासाभराचाही उशीर नको.

डॉक्टरांनी काम करायला हरकत नाही म्हटलं, की मग बुटांचं बोलू.

तू दिलेली लांबी चुकलेली आहे. चांदणीला न बघता हे सांगतोय, कारण पुढचा खूर बराचसा गोल असतो. त्याची रुंदी आणि लांबी एकमेकींच्या आसपास राहते, फरक पडला तर सहसा थोड्याच मिलिमीटरचा. १२१ रुंद आणि १४८ लांब असा पुढचा खूर म्हणजे पोहे खायची बशी लांबट निघावी तसं झालं. मागचे खूर थोडे अरुंद, पुढून टोकदार असतात, तरी ११२ ला १४४ हे त्यांनाही जास्तच आहे. चारही पायांची लांबी इतकी वाढीव आली म्हणजे चूक एकच, आणि ती चारही वेळा झाली. तू मागे टाचेच्या मऊ गोळ्यांपर्यंत मोजलंस.

पहिल्यांदा माप घेणारे बहुतेक सगळे इथेच फसतात, मीही फसलो होतो. आपण टाच म्हटलं की पायाचा सगळ्यात मागचा भाग डोळ्यांसमोर येतो. बूट बनवणाऱ्यांना मात्र खुराची कडक भिंत मागे जिथे संपते ती जागा हवी असते. पाय उचलून तळवा वर कर. पुढच्या टोकापासून कडक कड दोन्ही बाजूंनी मागे येते, टाचेशी जाडसर होऊन आत वळते. ती वळते तिथे जमिनीला टेकणारा शेवटचा बिंदू, तीच आपली टाच. त्याच्या मागे जे रबरासारखे दोन फुगीर गोळे दिसतात ते मोजायचेच नाहीत. एवढ्यानं दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि काही कंपन्यांच्या तक्त्यात एका साइजवरून पुढच्यावर जायला चार-पाच मिलिमीटर पुरतात. आता तूच हिशेब कर, १४८ धरून बूट मागवला असतास तर चांदणीच्या पायात बादली आली असती.

पण त्या आकड्यातून २५ वजा करून मला नवा आकडा पाठवू नकोस. माप पुन्हाच घ्यायचं, आणि आज नाही.

आज का नाही, हे जरा सविस्तर सांगतो. नाल निघून पाच आठवडेच झालेत, कड अजून तुटते आहे. खुराची भिंत वरून, केसांच्या रेषेपासून खाली वाढते, महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर. खिळे कडेपासून जेमतेम दोन सेंटिमीटर वर बाहेर काढलेले असतात. म्हणजे ती भोकं खाली सरकून कापली जायला अडीच-तीन महिने जाणार. तोवर कडेचा कुठला तुकडा कधी निघेल सांगता येत नाही, आणि आज मोजलेली रुंदी पुढच्या महिन्यात खरी राहीलच असंही नाही. त्यातच, वर्षानुवर्षं लोखंडाच्या चौकटीत राहिलेला खूर मोकळा झाल्यावर बऱ्याच घोड्यांत टाचेकडून थोडा रुंदावतो. पहिले काही महिने पाय बदलतच असतो. बदलत्या पायाला मापाचा बूट कसा शिवायचा?

दुसरं कारण खूर छाटण्याचं. खूर उलट्या ठेवलेल्या कुंडीसारखा असतो, वर निमुळता, खाली रुंद. जसा वाढेल तसा त्याचा जमिनीला टेकणारा घेर मोठा होतो, टोक पुढे जातं, कडा बाहेर पसरतात. छाटल्याच्या दिवशीचं माप आणि दोन महिन्यांनंतरचं माप ही जणू दोन वेगवेगळ्या घोड्यांची मापं. म्हणून जवळजवळ सगळ्या कंपन्या ताज्या छाटलेल्या खुराचंच माप मागतात. तुमच्या नालबंदाचा अडीच महिन्यांचा फेरा नालासाठीही लांबच होता, बुटांसाठी तर मुळीच चालणार नाही. दर चार, फार तर पाच आठवड्यांनी छाटणी हवी. त्याला तेवढं येणं जमणार नसेल तर मधल्या काळात कानशीनं कडा कशा गोल करायच्या हे बाबांनी त्याच्याकडून शिकून घ्यावं. पाय धरायची सवय असलेल्या माणसाला ते अवघड नाही. तळव्याला मात्र हात लावायचा नाही, नुसती बाहेरची कड. ही छाटणी नीट बसवल्याशिवाय बूट मागवणं म्हणजे नाल सापडला म्हणून घोडा विकत घेण्यासारखं आहे.

तेव्हा आधी दोन छाटण्या होऊ देत, म्हणजे सुमारे दोन महिने. या काळात तिला मऊ जमिनीवरचं काम द्या. डांबर आणि खडी शक्य तितकी टाळा. कमाईचे दिवस आहेत हे मला कळतं, पण दुखऱ्या तळव्यानं पर्यटकाला पाठीवर घेऊन जांभ्यावर घसरलेली घोडी त्याहून महाग पडते. दुसरी छाटणी झाली की त्याच दिवशी किंवा फार तर दोन-तीन दिवसांत माप घ्यायचं.

शिवणाची टेप आईला परत दे. ती ओढली की ताणते आणि सैल सोडली की तळव्याच्या खोलगटात बुडते. स्टीलच्या दोन पट्ट्या आण, मिलिमीटरच्या खुणा ठळक असलेल्या. सुताराचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, मिळाला तर सोन्याहून पिवळं. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं घेर काढायची पद्धत बरेच जण सांगतात. तिचा मला राग आहे, आणि त्यामागे कारण आहे. पहिले बूट मी असेच मागवले होते. पावसाळ्याचे दिवस, घोडी अंगावर माश्या बसल्या की पाय हलवायची, मी कागद धरून बसलेलो. पेन्सिल थोडी तिरपी राहिली की घेर बाहेर सरकतो, दोन्ही बाजूंना तीन-तीन, चार-चार मिलिमीटर. बूट आले, घालताना छान सहज गेले, मी खूश. तिसऱ्या दिवशी उतारावर घोडी एकदम लंगडायला लागली. उतरून बघतो तर डाव्या पायातला बूट गरकन फिरून मागच्या बाजूला आलेला आणि पट्टा घोट्यावर चढलेला. तिनं मला लाथ मारली नाही हा तिचा मोठेपणा.

आता रुंदी. पाय उचल, तळवा आणि त्याच्या मधोमध जो रबरासारखा मऊ त्रिकोण असतो त्याच्या बाजूच्या खाचा आकडीनं साफ कर, कडेला चिकटलेला चिखल ब्रशनं काढ. चिखलाचा एक थरसुद्धा दोन मिलिमीटर खातो. खुराचा सगळ्यात रुंद भाग शोध. तो बहुतेक वेळा मध्याच्या आसपास, मऊ त्रिकोणाच्या टोकाच्या थोडा मागे असतो. पट्टी तिथे आडवी धर. त्रिकोणाच्या मधोमध जी खाच पुढून मागे जाते, तिच्याशी पट्टीचा काटकोन व्हायला हवा. एका कडेच्या बाहेरच्या बाजूपासून दुसऱ्या कडेच्या बाहेरच्या बाजूपर्यंत मोज. पट्टी जराशी तिरपी झाली की आकडा वाढतो, म्हणून हाताशी गुण्या असावा. शेजारच्या वर्कशॉपमध्ये व्हर्निअर, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत धरून मोजायचं हत्यार, असेल तर रुंदीला ते उत्तम.

लांबीला दोन पट्ट्या लागतात. एक पट्टी तळव्यावर मागच्या बाजूला आडवी ठेव, दोन्ही टाचांचे ते शेवटचे टेकणारे बिंदू जोडून. दुसरी पट्टी मधल्या खाचेच्या रेषेत उभी धर आणि खुराच्या पुढच्या टोकापासून आडव्या पट्टीपर्यंतचं अंतर वाच. मऊ गोळे आडव्या पट्टीच्या पलीकडे राहतात, मोजण्यात येतच नाहीत. आडवी पट्टी काटकोनात बसत नसेल, एक टाच पुढे आणि एक मागे असेल, तर दोन्हींची लांबी वेगवेगळी लिही आणि पुढच्या छाटणीला नालबंदाला दाखव. ती चूक छाटणीतली असते, बूट ती सुधारत नाही.

एकदा मोजून थांबायचं नाही. पाय खाली ठेव, तिला दोन पावलं चालव, पुन्हा उचल, पुन्हा मोज. असं तीनदा. तीन आकड्यांत दोन मिलिमीटरहून जास्त फरक आला तर हात स्थिर नव्हता किंवा घोडी, मग दुसऱ्या दिवशी बघू. चारही पाय वेगवेगळे लिही. ‘मागचे साधारण’ असं लिहिलंस तर मी पुढचं वाचणार नाही. पत्त्यासारखं स्वच्छ लिही, समज : पुढचा डावा, रुंदी १२०, लांबी १२३, छाटणी अमुक तारखेला, माप अमुक तारखेला. सोबत फोटो काढ : तळव्याचा अगदी सरळ वरून, पट्टी ठेवून, आणि पाय जमिनीवर असताना मोबाइल जमिनीला टेकवून एक समोरून, एक बाजूनं. विकणारे चांगले असतील तर ते हे फोटो मागतात. न मागता साइज सांगणाऱ्यापासून मी लांब राहतो.

तक्ता बघताना एकक तपास. काही तक्ते इंचात असतात आणि तेही अपूर्णांकात. ४ पूर्णांक ३/४ इंच म्हणजे १२०.६५ मिमी, ४ पूर्णांक ५/८ म्हणजे साधारण ११७.५. घाईत पावणेपाच इंच म्हणजे १२० धरलं की तिथेच अर्धा मिलिमीटर गेला. फरक छोटा आहे, पण दोन साइजच्या सीमेवर असशील तर तोच नडतो.

रुंदीचा साइज एक आणि लांबीचा दुसरा असं निघालं तर? नेहमी निघतं. मग आकार बघायचा. रुंदी लांबीपेक्षा जास्त असेल तर पाय रुंद, लांबी बरीच जास्त असेल तर अरुंद. कॅव्हालोचा ट्रेक हा बूट रेग्युलर आणि स्लिम अशा दोन प्रकारांत मिळतो तो याचसाठी. चांदणीचा उजवा खूर खरोखर अरुंद निघाला तर डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा, असंही करावं लागेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मोठ्या साइजमध्ये चिंध्या कोंबून दोन्ही पायांत एकच बूट घालणं मला त्याहून वाईट वाटतं.

कोणता प्रकार घ्यावा यावर दहा घोडेवाले अकरा मतं देतील. ढोबळ दोन जाती आहेत. एक, पातळ आणि लवचीक, पायाला मोज्यासारखा घट्ट बसणारा, उदाहरणार्थ ईझीबूट ग्लव्ह. तो रबरी हातोडीनं ठोकून चढवावा लागतो, आणि साइज बरोबर असेल तर पुढची व्हीच्या आकाराची खाच किंचित फाकते. फाकली नाही तर बूट मोठा. हा बूट चालतो छान, पण खूर दोन आठवडे वाढला की चढेनासा होतो. दुसरी जात जाड तळव्याची, मागे पट्टा किंवा वेल्क्रो, थोडं सैल-घट्ट करता येणारी. जड असते, पण छाटणी दोन-चार दिवस पुढे गेली तरी सांभाळून घेते. तुमच्याकडची छाटणी अजून रुळायची आहे, म्हणून माझं मत दुसऱ्या जातीला. दोन साइजच्या मधोमध अडकलीस तर घट्ट जातीत लहान आणि पट्ट्याच्या जातीत मोठा, आत पातळ पॅड टाकून.

चार नकोत, दोनच घे. पुढचे. भार तिथे जास्त, दुखतंही तिथेच आधी, आणि मागचे खूर उघडे ठेवून उत्तम काम करणारे कितीतरी घोडे आहेत. दोन बुटांवर एक हंगाम काढ, मग मागच्यांचं बघू.

पैसे पाठवण्याआधी एक स्वस्तातला प्रयोग कर. पुठ्ठ्यावर तक्त्यातल्या त्या साइजच्या कमाल रुंदी-लांबीचा आयत काप आणि उचललेल्या तळव्यावर ठेव. खूर त्यातून कुठेही बाहेर डोकावला तर साइज लहान. चारही बाजूंना बोटभर पुठ्ठा उरला तर मोठा. पुठ्ठा फुकट आहे, कस्टम ड्युटी नाही.

बूट आले की लगेच टेबललँड गाठू नकोस. घरासमोर घाल. हातात धरून डावी-उजवीकडे पिळून बघ, खुरावर तो फिरता कामा नये. वरची कड केसांच्या रेषेला टेकता कामा नये. मग माझी आवडती युक्ती : खडूनं खुराच्या भिंतीवर सुरू होऊन बुटावर उतरणारी एक सरळ रेघ मधोमध मार. पंधरा मिनिटं चालव, वळव, थोड्या उतारावरून उतरव. परत येऊन रेघ बघ. दोन तुकडे एकमेकांसमोर असतील तर बूट जागेवर आहे, बाजूला सरकले असतील तर फिरतोय. कानही उघडे ठेव. नीट बसलेला बूट टाप टाप वाजतो, सैल असला की फटक फटक, जुन्या चपलेसारखा.

काढल्यावर टाचेच्या मऊ गोळ्यांवरचे केस उलटे फिरवून बघ. कातडी सोलवटायच्या आधी केस तुटतात, तो पहिला इशारा. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, दुसऱ्या दिवशी अर्धा तास, असं आठवडाभर वाढवत ने. आणि काम संपलं की बूट काढायचे. ते चपला नाहीत, दिवसभर पायात ठेवायचे नाहीत. पाचगणीच्या पावसात तर मुळीच नाही. ओल्या बुटात खूर भिजत राहिला की मऊ त्रिकोणाच्या खाचांत काळा, घाण वासाचा चिकट स्राव दिसायला लागतो, आणि तो बरा करणं बूट विकत घेण्यापेक्षा जास्त कटकटीचं. चिखलात बूट निसटूनही येतात. पावसाळ्यात पर्यटक कमीच असतात, त्या दिवसांत तिला बिनबुटाचं राहू दे.

आता बाबांचा प्रश्न, महाराजांच्या घोड्यांना काय बूट होते. नव्हते. डांबरी रस्तेही नव्हते. पण ही कल्पना कालची नाही. रोमन लोक लोखंडी तळव्याचं, दोरी-पट्ट्यानं बांधायचं पादत्राण घोड्यांना घालत, त्याचे नमुने उत्खननात सापडले आहेत. जुन्या जपानमध्ये घोड्यांना भाताच्या पेंढ्याच्या चपला असत. आजचे ईझीबूट १९७०च्या सुमाराचे. म्हणजे बाबांच्या नालाशी बुटांचं भांडण नाही. नाल वाईट असतो असंही मी म्हणत नाही. वेळेवर बदललेला, खुराच्या मापानं घडवलेला नाल चांगलाच असतो. अडीच महिने एकच नाल आणि खूर नालाच्या मापाला कापून बसवणं, याला माझा विरोध आहे. बूट घेऊनही तुम्ही छाटणी टाळलीत तर वर्षभरात मला दुसरं पत्र लिहाल.

शेवटी एक काम, जे आजच करता येईल. काढलेले नाल फेकले नसतील तर शोधून काढ. डावा-उजवा कोणता ते बाबा झिजेवरून सांगतील. दोन्ही पुढचे नाल फरशीवर शेजारी ठेव आणि दोन्हींची सर्वांत रुंद जागा त्याच स्टीलच्या पट्टीनं मोज. मग टाचेकडची दोन टोकं किती अंतरावर आहेत तेही मोज. उजवा नाल डाव्याहून अरुंद निघाला, तर उजव्या खुराचं आक्रसणं या पाच आठवड्यांतलं नाही, बरंच जुनं आहे. ते चारही आकडे कागदावर लिही आणि नाल पिशवीत घालून डॉक्टरांकडे जाताना सोबत ने.